बिब्बा न लावलेला डाग

गोचीडताप हा शब्द आमच्याकडं जनावरांसाठी राखून ठेवलेला आहे. म्हैस चारा सोडून बसली, गाईचं अंग तापलं की लोक म्हणतात, गोचीडताप असेल, ढोराच्या डॉक्टरला बोलवा. गोचिडीनं माणसालाही ताप येतो असं मी सांगितलं की समोरचा आधी हसतो. आमच्या शाळेतल्या एका सरांनी तर मला विचारलं होतं, "मग बाई, तुम्ही रवंथ कधी बंद केलंत?" मीही हसले. तेवढी बरी झाले आहे मी.

जनावरांचा ताप वेगळा आणि मला झाला तो वेगळा, हे मला फार नंतर कळलं. पण दोन्हींच्या मुळाशी गोचीडच. लिहायला बसले ते त्यासाठीच. अजूनही पावसाळा सरला की डोंगराकडच्या एखाद्या गावातून निरोप येतो, अमक्याच्या पोरीचा ताप डोक्यात गेला. त्या पोरीच्या अंगावर कुणी नीट बघितलं का, एवढंच मला विचारायचं असतं.

वावरांची दिनदर्शिका

आम्ही धनगर. राणीसावरगावच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला आमची वस्ती. घरात माय, आबा, थोरला दादा आणि मी. दादा तिसरीतून शाळा सोडून मेंढरांमागं गेला. सहीपुरतं त्याला येत होतं, तेही उन्हाळ्यात विसरायचा. घरात वाचता येणारी मी एकटी. मी परभणीला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि वस्तीवरच्या बायका मला आत्तापासूनच "मास्तरीण" म्हणून चिडवायच्या. मला ते फार आवडायचं, वरवर मी रागवायचे.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. एसटी आज सुटली तर उद्या सुटेलच असं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मी कशीबशी घरी पोचले. पाऊस चांगला झालेला, डोंगरात गवत कमरेइतकं. कोकरांच्या कानातल्या गोचिडी काढायचं काम लहानपणापासून माझं होतं, माझी बोटं बारीक म्हणून. काढायची, दगडावर ठेवायची, दुसऱ्या दगडानं फोडायची आणि हात लुगड्याला पुसायचे. त्या वर्षी गोचिडी फार होत्या. कोकरांचं सगळं अंग मी चाचपलं, स्वतःचं नाही. आपल्या अंगावर कोण शोधतं?

मग मेंढरं खाली नदीकडं, आमच्या गंगेकडं, निघाली. दरवर्षीचा रस्ता. शेतकरी बोलावतात, त्यांच्या मोकळ्या रानात रात्रभर मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्यांना, ज्वारीचं पायलीभर धान्य आम्हाला. म्हणून आमच्याकडं तारखांचं काही काम नसतं. मायला विचारलं, दादाचा जन्म कधीचा, तर ती म्हणणार, "भुईमुगाच्या वावरात मेंढरं बसली व्हती, त्याच्या दुसऱ्या दिशी." मी शिकलेली, मला या बोलण्याचं हसू यायचं.

या वेळी मीही मेंढरांबरोबर पायी निघाले. चुडाव्यापर्यंत चालत जायचं आणि तिथून रेल्वेनं परभणीला कॉलेजात, असा बेत होता. चुडाव्याजवळ हायब्रीड ज्वारीच्या धसकटात मेंढरं बसली आणि दुसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी मला हुडहुडी भरली.

पाच डाग

पहिले दोन दिवस आम्ही ताप अंगावर काढला. डोकं असं दुखत होतं की पापणी मिटायलाही नको वाटायचं. मायनं तिचं औषध काढलं. बिब्बा सुईला टोचून निखाऱ्यावर धरायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागी ठिपका द्यायचा. कातडी जळते, काळा डाग पडतो. आमच्याकडं कळ असो, लचक असो, पोटदुखी असो, बिब्बा ठरलेला. आमच्या सगळ्यांच्या अंगावर असे डाग आहेत. कुणाला कधी काय दुखलं याचा तोच दाखला.

चुडाव्यात एका डॉक्टरांनी तपासलं. हिवतापाच्या गोळ्या दिल्या, सुई टोचली. पायाकडं बघून म्हणाले, "हे काय?"

"बिब्बा," माय म्हणाली.

त्यांनी नुसती मान हलवली. पुढं आणखी दोन ठिकाणी हाच प्रश्न झाला आणि हेच उत्तर मिळालं. मीही एकदा शुद्धीत असताना तेच सांगितलं. आम्ही कुणी खोटं बोलत नव्हतो.

पाचव्या दिवशी मी मायला ओळखेना. दादा म्हणाला, देवाचं काहीतरी राहिलंय, देवऋष्याकडं नेऊ. आबा एरवी दादाच्या शब्दाबाहेर जात नसत, त्या दिवशी गेले. "पोरगी परभणीला न्यायची. देव तितंबी हाय," एवढंच म्हणाले. एसटी बंद होती. मला घोंगडीत घालून स्टेशनावर आणलं आणि पॅसेंजरनं परभणीला नेलं. यातलं मला काही आठवत नाही. आठवतो तो फक्त घोंगडीचा वास.

वॉर्ड

वॉर्डातल्या गोष्टी मला शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं सांगितल्या. ती झरी गावची, मांडीचं हाड मोडून आलेली. तिला दिवसभर करमणूक हवी होती आणि मी ती पुरवत होते. म्हणे, मी खाटेवर बसून मेंढरं हाकायचे. हुर्रर्र करून सगळा वॉर्ड उठवायचे. मध्येच बाराखडी शिकवायला लागायचे आणि सिस्टरला म्हणायचे, "मागच्या बाकावरच्या, हात पुढं कर."

"तुज्या मास्तरकीनं आमाला बेजार केलं बग," म्हातारी नंतर म्हणाली. "पर सिस्टरनं खरंच हात पुढं केला व्हता हो. लय भली बाई."

त्या सिस्टरचं नाव मला माहीत नाही. वेड्याच्या बडबडीला हात पुढं करणारं माणूस भेटणं हे नशीब आहे, असं मी आजही मानते.

डॉक्टरांना ताप मेंदूपर्यंत गेल्याचं दिसत होतं. कशानं गेला ते कळत नव्हतं. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, त्यातून नेमकं काही निघालं नाही. माय खाटेखाली बसून राहायची. दादानं एकदा तिला सरळ सांगितलं, "वाचली तरी आता शाळा बास. डोक्याला लागलंय तिच्या. लोकाला कळलं तर लग्नबी व्हायचं न्हाई." म्हातारीनं हेही मला सांगितलं, न विचारता. दादाचा मला तेव्हा फार राग आला होता. आता कळतं, तो घाबरला होता, आणि त्याला घाबरणं तसंच यायचं.

आठव्या दिवशी वॉर्डात एक तरुण डॉक्टर आले. कोल्हापूरकडचे, नुकतेच रुजू झालेले. त्यांच्याजवळ मुलांच्या शाळेतली असते तशी रेघांची वही होती. त्यांनी माझे तळहात बघितले, तळपाय बघितले, त्यावर बारीक लाल पुरळ होतं. मग गुडघे. डाव्या गुडघ्यामागचा काळा डाग बघून त्यांनीही विचारलं, हे काय, आणि मायनंही तेच सांगितलं.

बाकीचे डॉक्टर इथं थांबले होते. हे थांबले नाहीत. कदाचित कोल्हापूरकडं बिब्बा आमच्याइतका लावत नसतील, कुणास ठाऊक. त्यांनी विचारलं, "मावशी, किती ठिकाणी लावलात?"

माय बोटांवर मोजायला लागली. "दोन मानंवर. दोन गुडघ्याच्या वाट्यावर. एक बेंबीपाशी. पाच."

डॉक्टरांनी मोजले. सहा भरले.

म्हातारी सांगते की माय उठून उभी राहिली. तिनं स्वतः माझा पाय उचलला, गुडघ्यामागं बघितलं आणि बोट फिरवलं. "साहेब, ह्यो डाग मी न्हाई लावला," ती म्हणाली. "बिब्बा मागं कोण लावंल? दुखायलं व्हतं म्होरं."

कुठं आणि कधी

डॉक्टर स्टूल ओढून मायसमोर बसले. त्यांनी गोचिडीचं विचारलं. माय म्हणाली, मेंढरं हायत म्हणल्यावर गोचीड आसणारच. मग त्यांनी ताप कुठल्या तारखेला आला ते विचारलं आणि गाडी अडली. तारीख मायला माहीत नव्हती. दादालाही नव्हती.

"मग काय सांगता येईल तुम्हाला?" डॉक्टर कावून गेले असणार.

"वावर सांगते की," माय म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. ताप आला तेव्हा चुडाव्याच्या धसकटात मेंढरं बसायची दुसरी रात्र झाली होती. त्याआधी नदीच्या अलीकडं भुईमुगाच्या रानात तीन रात्री. त्याआधी पाणंदीच्या बाजूच्या पडीक रानात एक. त्याआधी वाटेत दोन. त्याच्याआधी डोंगर. कोणत्या रानात गवत किती, गोचिडी कुठं जास्त, पोरगी कुठं बसून कोकरांचे कान साफ करत होती, सगळं. डॉक्टर वहीत रात्री मोजत गेले. गोचीड चावलेल्या जागी असाच काळा डाग पडतो आणि चावल्यापासून ताप यायला आठवडाभर लागतो, असं त्यांनी पुढं मला समजावलं. मायची वावरं मागं मोजत गेलं की बरोबर आमच्या डोंगरातल्या गवतापाशी पोचत होती.

त्या वहीत आधीच दोन नावं होती. एक लाकूडतोड्या आणि एक गवत कापायला जाणारी बाई. दोघंही डोंगराच्याच अंगाचे, दोघांनाही पावसाळा सरताना ताप आलेला. त्यांच्या अंगावर डाग होता का, हे कुणी बघितलं नव्हतं. ते दोघं राहिले नाहीत.

रक्ताचा नमुना बाहेरगावी पाठवला, पण उत्तर यायला वेळ लागणार होता. डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांशी बोलून त्याच दुपारी औषध सुरू केलं. काही परदेशी, दुर्मीळ औषध नव्हतं, साध्या कॅप्सुली होत्या, पाण्यात कालवून नळीनं पोटात सोडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा ताप उतरला. मी डोळे उघडले तेव्हा माय माझ्या पायाशी बसली होती आणि मी म्हणाले, "माय, भूक लागली." ती इतकी मोठ्यानं रडली की सिस्टर धावत आल्या.

झरीच्या म्हातारीनं तिच्या डब्यातला ताकातला भात मला दिला. त्या भाताची चव मी कुणाला सांगू शकणार नाही.

अक्षरं

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण चार दिवसांनी डॉक्टरांनी माझ्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि म्हणाले, वाचा बघू.

मला वाचता आलं नाही.

दिसत होतं सगळं. रेघ दिसत होती, रेघेखाली लोंबणारं काहीतरी दिसत होतं. हे 'म' की 'भ', ते कळेना. एक अक्षर धरलं की दुसरं निसटायचं, वाघुरीत, म्हणजे आमच्या जाळीत, न शिरणाऱ्या मेंढरांसारखं. कानात सतत भुंगा. मी वर्तमानपत्र उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू." मी विचारलं, "नक्की?" ते खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "बहुतेकांचं येतं."

बहुतेक या शब्दावर मी पुढचे तीन महिने काढले.

दादा वसतिगृहातून माझी पेटी घेऊन आला. मी बघत राहिले. मी मरणातून उठले होते, चालत होते, जेवत होते, माय देवाला नारळ फोडत होती, आणि मला मात्र वाटत होतं की मला अर्धीच घरी आणलीय. कुणाला सांगणार? ज्यांना मुळात वाचता येत नाही त्यांना, वाचता येत नाही म्हणजे काय झालं, हे कसं सांगायचं? एकदा मायवर ओरडले. म्हणाले, तू तो बिब्बा फासला नसतास तर पहिल्याच डॉक्टरनं डाग ओळखला असता. माय दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी मीच तिच्याजवळ जाऊन बसले. खरं तर तिनं डाग मोजले नसते तर मी आज नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी ओरडले. आजारी माणूस घरच्यांचा असा छळ करतो, हेही लिहिलं पाहिजे, कारण कुणी लिहीत नाही.

रोज सकाळी मी पहिलीचं पुस्तक घेऊन उन्हात बसायचे. एका अक्षरावर बोट ठेवायचं, त्याचं नाव घ्यायचं, पुढच्यावर जायचं. वस्तीवरच्या बायका आता मास्तरीण म्हणत नव्हत्या. ते चिडवण्यापेक्षा वाईट होतं. महिन्याभरानं 'क' आणि 'ब' जागेवर बसले. मग 'प', मग 'र'. जोडाक्षरांनी फार रडवलं. कधी दिवस चांगला जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं विस्कटायचं. ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांना सांगते, विस्कटलेला दिवस मोजू नका. महिन्यानं महिना बघा.

आणि हेही सांगते: जनावरांत, गवतात काम करणाऱ्यांनी संध्याकाळी अंग बघावं, काखेत, कमरेत, गुडघ्यामागं, केसांत. गोचीड बोटानं फोडू नये. ताप आला तर दुकानातून औषध न घेता डॉक्टरांकडं जावं आणि गोचिडीचं आपणहून सांगावं, ते विचारोत न विचारोत. डाग बिब्ब्याचा असेल तर असू द्या, पण मोजा.

कागद

उन्हाळा लागत होता. मेंढरं परत डोंगराकडं वळली होती. त्या सकाळी मी पुस्तकाचं एक पान न अडखळता वाचलं. सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. मोठ्यानं वाचत होते, हे मला वाचून झाल्यावर कळलं. वर बघितलं तर आबा समोर उभे होते, काठीला टेकून.

त्यांनी पटका सोडला. त्याच्या आतल्या घडीतून एक पाकीट काढलं. घामानं मऊ पडलेलं, कडा पिवळ्या झालेल्या, पण बंद. माझ्यापुढं धरलं.

"तुज्या डाक्टरचा कागद हाय. पोस्टमन म्हणला."

"कधी आला?"

"तुरीच्या रानात व्हतो तवा."

मी मनात रात्री मोजल्या. दोन महिने होऊन गेले होते. मी उठूनच उभी राहिले. "आबा, दोन महिने! पोस्टमनकडून वाचून घ्यायचं. सरपंचाकडून घ्यायचं. त्यात औषध लिहिलं असतं तर? परत बोलावलं असतं तर?"

"मनात आलं व्हतं की तेबी."

"मग?"

आबा खाली बसले. पटका मांडीवर घेऊन त्याचं टोक चाचपत राहिले. "दादा रोज म्हणायचा, द्या कुनाला तरी वाचाया. मी म्हणलं, न्हाई. कागद वाचणारी घरात हाय. दुसऱ्याकडून वाचून घेतला आसता तर तू आता वाचनारच न्हाईस आसं झालं आसतं. म्या मानलं आसतं तसं. ते माज्यानं व्हईना."

मी पाकीट फाडलं. पत्र मराठीत होतं, अक्षर गिचमिड, डॉक्टरांचंच. मी एक-एक शब्द धरून वाचलं. रक्ताचं उत्तर आलं होतं, गोचिडीच्या तापाचा अंदाज खरा होता. पुढं लिहिलं होतं की त्यानंतर डोंगराकडचाच एक माणूस तापात बरळत आला. त्यांनी आधी त्याचे कपडे काढायला लावले आणि काखेत डाग सापडला. त्याच दिवशी औषध दिलं. तो पाचव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेला. आणि शेवटी आबांना विनंती होती: मेंढरं कोणत्या महिन्यात कुठं बसतात, गोचिडी कुठं आणि केव्हा जास्त असतात, हे मुलीकडून लिहून पाठवावं.

'मुलीकडून' हा शब्द मी दोनदा वाचला.

आबांनी पत्र माझ्या हातून घेतलं नाही. माय चुलीपाशी पदर तोंडाला लावून उभी होती. तिला तिथूनच आबा म्हणाले, "ऐकलं का? मानूस वाचला म्हनं कुनीतरी." मग माझ्याकडं वळून, काठीनं जमिनीवर डोंगराची रेघ ओढत, जराही न थांबता ते म्हणाले, "घे कागद. लिव्ह. मिरगात मेंढरं वस्तीच्या मागं, तवा गोचीड कमी…"

मी म्हणाले, "थांबा की आबा, सावकाश सांगा." आणि लिहू लागले.